आवडलं, पण कोणत्या जागेला?

प्रश्न असा आला होता: "सध्या तुम्ही कोणते अल्बम ऐकताय आणि का? मी दिवसभर काही ना काही ऐकत असतो. पण कुणी 'यात काय आवडलं' असं विचारलं की 'मस्त आहे', 'भारी आहे' याच्यापुढे गाडी सरकत नाही. जाणकार मंडळी नेमकं काय ऐकतात?"

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं कुठून आलंय ते कळेल. जवळपास तीस वर्षं मी मास्टरिंग करतोय. गाणी रेकॉर्ड होतात, मिक्स होतात आणि मग माझ्याकडे येतात. त्यांचा क्रम, दोन गाण्यांमधली शांतता, सगळ्या अल्बमचा आवाज एका पातळीवर आणणं आणि शेवटचा हात फिरवणं, हे माझं काम. दिवसाचे सात-आठ तास मी पोटासाठी ऐकतो. त्यानंतर घरी येऊन स्वतःसाठी ऐकतो, आणि त्या ऐकण्याबद्दलच तुम्ही विचारताय.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'का आवडलं' हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. त्याच्या आधीचा प्रश्न 'कुठे आवडलं' हा आहे. आपल्याकडे मैफलीत बसणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. 'काय जागा घेतली!' असं आपण सहज म्हणून जातो. दाद जागेला असते. सबंध रागाला मिळून एक ठोकळ दाद देऊन कुणी उठून जात नाही. अल्बम ऐकतानाही तेच करायचं आहे. जागा सापडली की कारण तिच्या मागोमाग येतं. जागा नसेल तर 'भारी आहे' एवढंच उरतं, आणि त्यात तुमचा काही दोष नाही.

हे कसं करायचं? माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाला मी पहिल्याच दिवशी कागद-पेन्सिल दिली आणि चाळीस मिनिटांचा एक अल्बम लावून दिला. सांगितलं, काही विचार करू नकोस, मात्र अंगात काहीही हललं, मान डोलली, भुवई वर गेली, कंटाळा आला, तरी घड्याळातली वेळ लिही. त्यानं चौदा वेळा लिहिल्या. दुसऱ्या दिवशी तोच अल्बम, नवा कागद. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा पाच जागा जुळत होत्या. "या पाच तुझ्या. बाकीच्या कालच्या दिवसाच्या," असं मी त्याला म्हणालो. त्या पाच जागा परत ऐकल्यावर तो आपणहून सांगायला लागला: इथे बास थांबतो, इथे गायिकेचा श्वास ऐकू येतो, इथे तीच ओळ येते पण खाली ड्रम नाही. 'का'चं उत्तर त्याला कुणी शिकवलं नाही.

आता माझे अल्बम. या महिन्यात मी सगळ्यात जास्त ऐकलंय ते एकाच माणसाचं एकाच रचनेचं दोनदा केलेलं रेकॉर्डिंग: जर्मन संगीतकार बाखची 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स', वाजवणारा पियानोवादक ग्लेन गूल्ड. पहिलं जून १९५५मधलं, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. दुसरं १९८१मधलं. ते १९८२मध्ये बाजारात आलं आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, पन्नाशी गाठल्यावर नऊ दिवसांनी, तो गेला. रचना अशी आहे: सुरुवातीला एक आरिया, म्हणजे गाण्यासारखी छोटी चाल, मग तिच्या खालच्या स्वरांच्या पायावर उभी केलेली तीस रूपं, आणि शेवटी तीच आरिया जशीच्या तशी. पहिलं रेकॉर्डिंग साधारण साडेअडतीस मिनिटांत संपतं, दुसरं एक्कावन्न मिनिटांवर जातं.

एवढं वाचून सगळे म्हणतात, तरुणपणी वेगात वाजवलं, वय झाल्यावर संथ. मीही कित्येक वर्षं हेच सांगत होतो. पण जागा शोधायला बसलं की हे विधान ढिलं पडतं. एक तर १९८१मध्ये त्यानं काही रूपांतले भाग लिहिल्याप्रमाणे पुन्हा वाजवले आहेत, १९५५मध्ये ती पुनरावृत्ती त्यानं गाळली होती. वाढलेली सगळी मिनिटं लयीच्या खात्यावर टाकता येत नाहीत. दुसरं, पंचविसावं रूप पाहा. ते सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत दुखरं, कोमल स्वरांतलं. तरुण गूल्ड त्यावर साडेसहा मिनिटांच्या आसपास रेंगाळतो. म्हातारपणाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये ते सहा मिनिटांच्या आसपास पुरं होतं. म्हणजे जिथे दुःख करायची उघड मुभा आहे तिथे मोठ्या वयाचा माणूस थोडा कमी थांबलाय. माझ्या कागदावर ती जागा तीनदा आलीय. बाविशीतला मुलगा प्रत्येक स्वरावर वाकून बघतो. अठ्ठेचाळिशीतला चालत राहतो. त्यानं स्वतः सांगितलं होतं की दुसऱ्या खेपेला सगळ्या रूपांच्या लयी त्याला एका नाडीच्या पटींत बांधायच्या होत्या, आणि ते कळल्यावर हे चालत राहणं अधिकच जाणवतं.

आरियाचं उलट आहे. १९५५मध्ये सुरुवातीची आरिया दोन मिनिटांच्या आत होते, १९८१मध्ये तीन मिनिटं घेते. आणि शेवटी तीच परत येते तेव्हा आणखी सावकाश येते. स्वर तेच, पानही तेच. मधल्या तीस रूपांमुळे ऐकणारा बदललेला असतो, आणि वाजवणाराही. हेडफोन लावलेत तर पियानोच्या मागे त्याचं गुणगुणणं ऐकू येईल. काहींना ते खटकतं. मला त्याशिवाय ते रेकॉर्डिंग रिकामं वाटेल.

ही दोन्ही रेकॉर्डिंग न्यूयॉर्कच्या एकाच खोलीत झाली, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. ते मुळात चर्च होतं. छत प्रचंड उंच, आणि आवाज तिथे वर जाऊन सावकाश खाली उतरायचा. त्याच खोलीत १९५९मध्ये जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' झाला. खोली ऐकायची सवय लागली की दोन वेगळ्या संगीतांमध्ये ओळखीचा वास यावा तसं होतं. 'काइंड ऑफ ब्लू'मधली माझी जागा पहिल्याच ट्रॅकवर, दीड मिनिटाच्या सुमारास आहे. तोवर बास काहीतरी विचारतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात, असा संवाद चाललेला असतो. मग माइल्सचा ट्रंपेट एकटा सुरू होतो आणि नेमक्या त्या क्षणी ड्रमवादक जिमी कॉबची काठी झांजेवर पडते. आघात जरा मोठाच आहे. पण ती झांज लगेच मरत नाही. त्या उंच छताखाली ती कितीतरी वेळ झिरपत राहते आणि ट्रंपेटचे पहिले स्वर तिच्या धुक्यातून बाहेर येतात. जॅझमधलं तुम्हाला काही कळत नसलं तरी ही जागा कळेल. समेवर पडलेल्या थापेचा अर्थ ज्याला कळतो त्याला ही कळतेच.

या अल्बमबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. तो दोन दिवसांत रेकॉर्ड झाला, २ मार्च आणि २२ एप्रिलला. पहिल्या दिवशी मुख्य टेप मशिन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेला आवाज योग्य वेगानं वाजवला की वर चढतो. त्या दिवशीचे तिन्ही ट्रॅक म्हणजे एलपीची, मोठ्या तबकडीची, सबंध पहिली बाजू. ती तीसहून जास्त वर्षं खऱ्या स्वरापेक्षा जराशी चढी वाजत राहिली. शेजारच्या दुसऱ्या मशिनवर घेतलेली जादा टेप योग्य वेगाची होती. तिच्यावरून १९९२मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. ज्यांनी जुन्या तबकडीबरोबर आपलं वाद्य लावून सराव केला, त्यांना तारा चढवाव्या लागल्या असणार. मी दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐकल्या आहेत. दुरुस्त आवृत्तीत माइल्सचा आवाज थोडा जड, थोडा सैलावलेला वाटतो आणि मला तोच खरा वाटतो. जुनीवर प्रेम करणाऱ्यांशी मी भांडत नाही. कान ज्यावर वाढले ते त्यांचं घर आहे.

बाजूंचा विषय निघालाच आहे तर तबकडीचं गणित सांगतो, कारण जुने अल्बम ज्या क्रमानं लावलेले असतात त्यामागे ते असतं. एलपी मिनिटाला ३३ पूर्णांक एकतृतीयांश फेरे घेते, कडेलाही आणि मध्याजवळही तेवढेच. पण कडेचा घेर मोठा असतो. तिथे सुईखालून सेकंदाला सुमारे अर्धा मीटर खाच सरकते. आतल्या टोकाला जेमतेम वीस-एकवीस सेंटीमीटर. तेवढ्याच वेळेचा आवाज अर्ध्याहून कमी जागेत कोंबायचा म्हटल्यावर सगळ्यांत आधी तार सप्तकातली चमक जाते, 'स'कार फाटतात, जोरकस वाद्यं चुरगाळतात. म्हणून शहाणी माणसं बाजूच्या सुरुवातीला दणदणीत गाणी ठेवायची आणि शेवटी शांत. 'काइंड ऑफ ब्लू'च्या दोन्ही बाजू सगळ्यांत हळुवार ट्रॅकवर संपतात. संगीताला तसंच हवं होतं आणि खाचेलाही ते मानवलं. आता खाच राहिली नाही, तरी बाजू शांततेकडे उतरत नेण्याची ती चाल कित्येक नव्या अल्बममध्ये मला अजून ऐकू येते.

'अल्बम' हा शब्दही या जागेच्या टंचाईतूनच आला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-चार मिनिटं मावायची. १९०२मध्ये गौहर जान यांनी ग्रामोफोनसाठी गायलं तेव्हा सबंध ख्याल तेवढ्यात आवरावा लागला आणि शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगण्यापुरती जागा ठेवावी लागली. लांब रचना असेल तर अनेक तबकड्या लागायच्या, आणि त्या फोटोंच्या वहीसारख्या जाड पाकिटांच्या पुस्तकात ठेवून विकायचे. त्या पुस्तकाचं नाव अल्बम. १९४८मध्ये एलपी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली, पुस्तक गेलं आणि नाव राहिलं. म्हणून अल्बम या शब्दाच्या पोटात 'एकामागून एक' हा अर्थ आहेच. नोव्हेंबर २०२१मध्ये गायिका अडेलचा '३०' हा अल्बम आला तेव्हा तिच्या आग्रहावरून स्पॉटिफायनं अल्बमच्या पानावरचं, गाण्यांचा क्रम विस्कटणारं मुख्य शफल बटण पैसे भरणाऱ्या श्रोत्यांसाठी काढून टाकलं. मला त्या दिवशी मनापासून बरं वाटलं.

क्रमानं काय होतं ते बघायचं असेल तर 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐका. शिवकुमार शर्मा यांचा संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार. गुराख्याच्या एका दिवसाची गोष्ट आहे: पहाटे अहिरभैरव, पुढे पिलू, संध्याकाळी भूप, रात्री देस, शेवटी पहाडी. रागांच्या वेळा आपल्याला लहानपणापासून ऐकून ठाऊक असतात. इथे त्या वेळांनाच गोष्टीचा कणा केलंय. हाच अल्बम उलट्या क्रमानं लावून पाहा. प्रत्येक ट्रॅक तितकाच सुरेल राहील, आणि दिवस मात्र नाहीसा होईल.

दोन ट्रॅकमधली शांतता कुणी 'ऐकत' नाही, पण तिच्यावर मी कधीकधी सबंध दुपार घालवलीय. मागे एका गायिकेचा आठ गाण्यांचा अल्बम माझ्याकडे होता. तिसरं गाणं तानपुऱ्याच्या झंकारात विरत जातं, चौथं एकदम ढोलकीनं उघडतं. ती म्हणाली, "चौथं गाणं अंगावर येतंय. आवाज कमी करा ना." आवाज कमी केला. तरी अंगावर येत होतं. मग माझ्या लक्षात आलं की दोष आवाजाचा नाही. दोन गाण्यांमध्ये नेहमीची दोन सेकंदं सोडली होती. तिसऱ्या गाण्याची लय मिनिटाला ७२ मात्रांची. गाणं संपलं तरी ऐकणाऱ्याच्या डोक्यात ती लय चालूच असते, आणि दोन सेकंदांनी ढोलकी पडली की ती मात्रांच्या मध्येच कुठेतरी पडते. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं. ७२च्या लयीत चार मात्रा म्हणजे ३.३ सेकंद. तेवढी शांतता ठेवली आणि परत लावलं. तिनं डोळे मिटले होते. तिसरं गाणं विरलं, तिचं बोट मांडीवर एक, दोन, तीन, चार असं पडलं आणि पुढच्या बोटावर ढोलकी आली. आवाज आम्ही पुन्हा पहिल्याइतका वाढवून टाकला. मार्विन गे या गायकाच्या १९७१च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'मध्ये ही शांतताच बहुतेक ठिकाणी काढून टाकलीय, एक गाणं दुसऱ्यात वाहत जातं, आणि पस्तीस मिनिटं माणूस एका दमात बोलल्यासारखं वाटतं. तेही तितकंच विचारपूर्वक केलेलं काम आहे.

आता जो अल्बम मी वर्षातून एकदोनदाच लावतो, त्याबद्दल. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम'. ९ डिसेंबर १९६४ला रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत चौघांनी एका बैठकीत वाजवला. चार भाग, सगळे मिळून सुमारे तेहतीस मिनिटं. पहिल्या भागात चार स्वरांचा एक तुकडा आहे. कोल्ट्रेन तो एकामागून एक सगळ्या पट्ट्यांमध्ये फिरवतो, जणू एकच नाव वेगवेगळ्या दारांवर घेतोय. पण माझी जागा शेवटच्या भागात आहे. तबकडीच्या वेष्टनावर त्यानं स्वतः लिहिलेली ईश्वराला उद्देशून एक प्रार्थना छापलेली आहे. मी वीसेक वर्षं हा अल्बम ऐकत होतो आणि ती प्रार्थना म्हणजे आभाराचा मजकूर असं धरून चाललो होतो. एके दिवशी वेष्टन मांडीवर ठेवून शेवटचा भाग लावला आणि शब्दांवर बोट ठेवलं. सॅक्सोफोन त्या ओळी वाजवत होता. शब्दागणिक, अक्षरागणिक. ओळ संपली की तो खाली उतरून थांबतो, पुढची ओळ आली की पुन्हा उचलतो. खाली ठेका नाहीच, ड्रमवादक एल्विन जोन्सचे टिंपानी, म्हणजे मोठे नगारे, मेघगर्जनेसारखे घुमत असतात.

गायकी अंगानं वाजवणं ही गोष्ट आपल्याला नवी नाही. सतार आणि सनई बंदिशीचे शब्द धरून वाजवतात आणि जाणकाराला ते शब्द ऐकू येतात. तरीही त्या रात्री मी अर्धा तास हललो नव्हतो. तुम्ही ऐकाल तेव्हा आधी दोनतीनदा नुसतं ऐका आणि मगच मजकूर समोर घ्या. मजकुराशिवाय ऐकताना जे काही वाटेल ते तुमचं स्वतःचं असेल, आणि मजकूर आल्यावर ते कुठे कुठे खरं ठरलं ते दिसेल.

घरी पुन्हा पुन्हा लागणारी दुसरी तबकडी किशोरी आमोणकरांची आहे. एका बाजूला बागेश्री, दुसऱ्या बाजूला भूप. भूपात स्वर पाच: सा, रे, ग, प, ध. तेच पाच स्वर देशकारालाही आहेत. फरक वजनाचा आहे. भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवतावर. हे पुस्तकात वाचून कळतं, पण पटतं ते किशोरीताईंचा गंधार ऐकल्यावर. त्या गंधारावर लगेच जात नाहीत. रिषभावरून, पंचमावरून त्याच्याकडे नुसतं पाहून परत येतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात तो स्वर आधी उमटतो. मग त्या तो लावतात. मग 'सहेला रे' सुरू होतं. त्यातल्या 'रे'वर मी कान लावून असतो. ते संबोधन आहे, कुणाला तरी हाक आहे, आणि दर आवर्तनाला ती हाक वेगळ्या अंतरावरून येते. कधी शेजारी बसलेल्याला, कधी दूर गेलेल्याला. हेही माझ्या कागदावर नुसत्या वेळांच्या रूपात होतं. अंतराची गोष्ट त्या वेळा शेजारी शेजारी ऐकल्यावर सुचली.

पियानोवादक कीथ जॅरेटच्या 'कोल्न कॉन्सर्ट'ची हकीकत बहुतेकांना माहीत असते: २४ जानेवारी १९७५, कोलोनचं ऑपेरा हाऊस, हव्या त्या पियानोऐवजी रंगमंचावर आलेला लहान, वरच्या पट्टीत पत्र्यासारखा वाजणारा आणि खर्जात दम नसलेला पियानो. हकीकत ऐकून अल्बम लावू नका, अल्बममध्ये हकीकत शोधा. डावा हात एकच लहानसा आकृतिबंध कितीदा परत वाजवतो ते मोजा. त्या खर्जात एक स्वर लांबत नव्हता, म्हणून त्यानं पुन्हा पुन्हा वाजवून तो लांबवला. उजवा हात बराच वेळ मधल्या सप्तकातच का फिरतोय तेही मग उमगतं. पहिला भाग सव्वीस मिनिटांचा आहे. एलपीच्या एका बाजूला ते फार होतात आणि खाच कापणाऱ्याला आवाज जपून बेतावा लागतो, एवढं माझ्या धंद्याच्या नात्यानं सांगतो.

ऐकण्याच्या साधनांबद्दल फार बोलत नाही. साधे बरे हेडफोन आणि शांत खोली पुरते. पण एक चूक टाळा. एकाच अल्बमच्या दोन आवृत्त्या ताडून बघताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. आवाज जराही मोठा असेल तर कान त्यालाच 'जास्त स्पष्ट', 'जास्त जिवंत' म्हणतो. मीही म्हणतो, तीस वर्षांनंतरही, म्हणून मी आधी मीटर बघतो. याच कमजोरीमुळे १९९०नंतर बरीच वर्षं अल्बम अधिकाधिक ठासून, दाबून भरले गेले. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर इतकं घटलं की जागा घ्यायला जागाच उरली नाही. आता स्ट्रीमिंग सेवा सगळ्या ट्रॅकचा आवाज आपणहून एका पातळीवर आणतात, आणि ठासून भरलेला अल्बम तिथे उलट दुबळा वाजतो. जुन्या आवडत्या अल्बमची नवी 'सुधारित' आवृत्ती निघाली तर घाईनं जुनी टाकून देऊ नका. आवाज सारखा करा, हळुवार ट्रॅक लावा आणि मग ठरवा.

दुसऱ्याला सांगताना मी काय करतो? एका वेळी एकच अल्बम सांगतो. 'हे ऐकलंच पाहिजे' असं म्हणत नाही, कारण त्यानं समोरच्यावर परीक्षेचं ओझं येतं. 'पहिल्या ट्रॅकला दीड मिनिटावर झांज पडते, तिच्यानंतरचं ऐक' असं म्हणतो. समोरच्याला ती झांज कशीच वाटली नाही तरी हरकत नाही. तो दुसरी एखादी जागा सांगतो आणि मला नवी मिळते. माझ्या एका मित्राला 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये फक्त शेवटचा ट्रॅक आवडतो. का, तर तिथे कुणाला कुठेच पोचायची घाई नाही, असं तो म्हणतो. तेव्हापासून मी तो ट्रॅक त्याच्या कानांनी ऐकतो. आणि न आवडलेल्या अल्बमला तीन वेगवेगळ्या दिवशी तीन संधी द्या, तिसऱ्यांदाही कागद कोरा राहिला तर खुशाल बाजूला ठेवा. सगळं आवडायला आपण काही सगळे नाही.

सध्या माझ्याकडे चालू असलेला अल्बम अली फार्का तुरे आणि तुमानी जाबाते यांचा आहे, 'इन द हार्ट ऑफ द मून', २००५चा. आफ्रिकेतल्या माली देशातले दोन वादक, बामाकोत नायजर नदीकाठच्या हॉटेलात बसून वाजवलेलं. तुरेच्या हातात गिटार, जाबातेच्या हातात 'कोरा' नावाचं एकवीस तारांचं वाद्य. आजवर आठ वेळा ऐकला. कागद भरत नाहीये. गिटार एक लहान वळण घेऊन बसते आणि कोरा तिच्याभोवती पाण्यासारखा फिरतो, कुठे थांबला आणि कुठे निघाला ते बोटात सापडत नाही. काल रात्री चौथ्या ट्रॅकवर एकदा पेन्सिल उचलली होती. गिटारचं वळण अगदी जरा, केसभर उशिरा आलं, आणि कोऱ्यानं ते ऐकून स्वतःचा पुढचा स्वर मागे धरला, असं वाटलं. वेळ लिहून ठेवलीय. आज पुन्हा ऐकून बघतो तिथेच येतो का.